नानांचा वळू आणि एक्स-वायची मुसकी

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. लॅबच्या अहवालापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही, आणि त्यातलीही निम्मी वाक्यं मॅडम खोडतात. ज्या विषयावर लिहितो आहे त्यातली जाणती माणसं वेगळीच आहेत. पण ही हकीकत लॅबमधल्यांना अर्धी माहीत आहे आणि गावातल्यांना उरलेली अर्धी. दोन्हीकडे हजर असलेला मी एकटा, म्हणून धाडस करतो. कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं.

तर नाना आमच्या लॅबच्या जिन्यावर बसले होते, चपला हातात घेऊन. वॉचमनने वर येऊन सांगितलं, "तुझ्या गावाकडचं कोणीतरी आलंय. वर चला म्हटलं तर येत नाहीत."

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, धर्मा. सिद्धगडाच्या पायथ्याला आमचं गाव आहे. भातशेती, थोडी नाचणी आणि नानांची जनावरं. मी बी.एस्सी. करताना मुरबाडला राहत होतो तेव्हा भाकरीचं गाठोडं एसटीने पाठवणारे हेच नाना. मुंबईला मात्र ते कधी आले नव्हते.

"चपला का काढल्यात?"

"आत औषधा असतात ना. माझ्या पायाचा शेण नको लागायला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मधू, येक विचारू? बैल बडवलेला हाय का नाय, ह्या इथं समजतो का रे?"

बडवणं म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, नांगराला जुंपायच्या वयाचा झाला की त्याच्या वृषणाकडे जाणाऱ्या शिरा दाबून निकामी करतात. पूर्वी दोन काठ्यांत धरून करत, आता डॉक्टर चिमट्याने करतात. बैल शांत होतो, कामाचा होतो, पण त्याच्यापासून गाय गाभण राहत नाही. न बडवलेला नर म्हणजे वळू. तो गाईंसाठी ठेवतात.

नानांनी आदल्या वर्षी मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत एक वळू विकला होता. चांद्या त्याचं नाव. घेणारा तानशाकडचा बाळाराम. शहापूर तालुक्यात त्याचा गोठा नावाजलेला. जनावरांच्या बाजारात भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो, तो कोणाला दिसत नाही. पण खोड मोठ्याने सांगावी लागते. जनावर लाथ मारतं, जुवाखाली बसतं, जे काही असेल ते चारचौघांत बोलायचं. नाना बोलले होते, "खोड नाय."

चांद्या गाईंवर जात होता. गाई मात्र सगळ्या उलटत होत्या, म्हणजे पुन्हा पुन्हा माजावर येत होत्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली, एकही गाभण नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी वीर्य तपासलं. त्यात एकही शुक्रजंतू नव्हता.

बाळारामने एकच अर्थ काढला. आमच्या डोंगराकडच्या लोकांबद्दल खाली एक बोलवा आहे, की ही माणसं आपल्या जनावराचं बीज बाहेर जाऊ देत नाहीत. वळू विकायचा तर विकतात, पण आधी गुपचूप शिरा दाबून ठेवतात. बाळारामने ते नानांवर लावलं.

"आता पौषात पंच बसतील," नाना म्हणाले. पंच म्हणजे बाजारातले चार जुने जाणते. "खोटा ठरलो तर बाजारात आपल्या दावणीला जागा नाय मिळायची. दावण गेली तर गेली रे. पण तिथं चार माणसा मला लबाड बोलतील, आन मी काय केला नाय."

मी त्यांना चहा पाजला. माझा विचार सुरू झाला होता, आणि त्याचं कारण माझं काम होतं.

माझं काम उंदरांवर. नेमकं सांगायचं तर उंदराच्या वृषणातली पेशी शुक्रजंतू बनताना काय करते यावर. शक्य तितकं सोपं करून सांगतो. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं जोड्यांनी असतात. शुक्रजंतूत निम्मीच जायची असतात, म्हणून वाटणीआधी प्रत्येक जोडी एकमेकीला लगटून उभी राहते आणि टोकापासून टोकापर्यंत जुळवून बघते. सगळ्या जोड्या जुळतात. नराची एक जोडी जुळत नाही. एक्स मोठा, वाय चिमुकला. दोघांचं जेमतेम टोक जुळतं. बाकीचा भाग उघडा राहतो.

पेशीला त्या वेळी न जुळलेलं काही चालत नाही. मग ती एक्स आणि वायला केंद्रकाच्या एका कडेला नेते, घट्ट गुंडाळते आणि त्यांच्यावरची जनुकं बंद करते. जनुकं बंद म्हणजे तिथून कुठलाही हुकूम सुटत नाही. काम होईपर्यंत दोघं गप्प. उंदीर असो, बैल असो की माणूस, ही गप्प बसण्याची पायरी चुकली की पेशी तिथेच मरते आणि पुढे शुक्रजंतू होत नाही. लॅबमध्ये त्या गुंडाळीला आम्ही सेक्स बॉडी म्हणतो. घरी मी हा शब्द कधी उच्चारलेला नाही.

ही गुंडाळी दिसते कशी? गप्प केलेल्या भागावर पेशी एक रासायनिक खूण लावते. त्या खुणेलाच चिकटेल असं एक औषध मिळतं, त्याला अँटिबॉडी म्हणतात. तिला हिरवा चमकणारा रंग जोडायचा आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपच्या निळ्या प्रकाशात बघायचं. काळ्याभोर अंधारात प्रत्येक पेशीत एक हिरवा ठिपका. पहिल्यांदा तो ठिपका दिसला तेव्हा मी जेवायला जायचं विसरलो होतो.

नानांना बसवून मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. मॅडम माझ्या गाईड. मी सगळं सांगितलं. चांद्यात हीच पायरी चुकली असेल का, असं चाचरत विचारलं.

"असू शकेल. एक्सचा तुकडा तुटून दुसऱ्या गुणसूत्राला चिकटला तर नर वांझ होतो. गाईबैलांत असं सापडलेलं आहे." त्या खुर्चीत मागे रेलल्या. "तुझे सख्खे काका?"

"हो."

"मग तुझ्या शब्दाला किंमत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही मॅडम."

"रक्त दोन बैलांचं आण, एक त्यांचा आणि एक चांगला. कुठली नळी कोणाची ते तुला कळता कामा नये. मलाही नको. आणि बैल आज ज्याचा आहे त्याने हो म्हटलं पाहिजे. उंदरांचं काम थांबवायचं नाही."

पुढच्या रविवारी मी बाळारामकडे गेलो. पन्नाशीचा धिप्पाड माणूस. गोठ्यातच उभा होता. मी कोणाचा पुतण्या आणि कशाला आलो ते सांगितल्यावर त्याने माझ्याकडे न बघता चांद्याच्या अंगावरून हात फिरवला.

"म्हंजे आंबा तुमच्याच झाडाचा, आन गोड हाय का आंबट ते सांगणारा पण तूच?"

मॅडम जे बोलल्या तेच मी जसंच्या तसं सांगितलं. माझ्या शब्दाला किंमत नाही, म्हणून नळ्या तुम्हीच बांधा. हे त्याला पटलं असावं. तो पहिल्यांदा हसला.

"बाई हुशार हाय तुझी."

त्याने स्वतःच ठरवलं. तालुक्याचे डॉक्टर रक्त काढतील. एक नळी चांद्याची आणि दुसरी शेजाऱ्याच्या वळूची, ज्याची वासरं गावभर आहेत. नळ्यांना दोरे बाळाराम बांधणार, एकीला काळा, एकीला लाल. कुठला कोणाचा ते तो फक्त पंचांपुढे सांगणार. चांद्याचं तो तसंही ऑपरेशन करून घेणार होता. "गाईला नाय चालत तर नांगराला तरी चालंल. भाकर तर खातोच हाय." वृषण काढल्यावर एक डॉक्टर ठेवून घेणार होते, शिरा दाबल्यात का ते कापून बघायला. दुसरं माझ्यासाठी, बर्फाच्या थर्मासमध्ये, ताजं. आमच्या तपासणीला ताज्या पेशी लागतात. त्या स्लाइडवर पसरल्या की गुणसूत्रं मोकळी दिसतात.

मी तिथे थांबायचं नाही असं ठरलं होतं. मी शहापूरच्या एसटी स्टँडवर थांबलो. बाळारामच्या मोठ्या मुलाने थर्मास आणि नळ्या आणून दिल्या. निघताना तो म्हणाला, "आईनी नीट बांधून दिलाय. काय काळजी करू नका."

लॅबमध्ये पोचताच मी कामाला लागलो. स्लाइड केल्या, अँटिबॉडी लावली, धुतल्या. मॅडम मायक्रोस्कोपवर बसल्या. मी मागे उभा.

"मधुकर, हे काय आहे?"

मी डोळा लावला. सगळं हिरवं. ठिपका नाही, अंधारही नाही. शेवाळलेल्या तळ्यात बघावं तसं इकडून तिकडे हिरवं, आणि त्यात फुटक्या पेशींचा चिखल.

"अँटिबॉडी जास्त झाली असेल," मी म्हटलं.

"कंट्रोल लाव."

कंट्रोल म्हणजे अँटिबॉडी मुद्दाम न लावलेली स्लाइड. तिच्यात हिरवं काहीच दिसायला नको. ती पहिलीपेक्षाही हिरवी होती.

मॅडम चष्मा पुसत बसल्या. मी थर्मास उघडला. आत पळसाचं पान होतं, ते मी घाईत नीट बघितलंच नव्हतं. पान नाकाजवळ नेलं. हा वास मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्याकडे मटण उरलं की दुसऱ्या दिवसासाठी असंच ठेवतात.

बाळारामच्या घराशेजारच्या दुकानात फोन होता. मी लावला. बाळारामची बायको आली. मी तिला काकू म्हणत होतो.

"काकू, त्या थर्मासमधल्या वस्तूला काही लावलं होतं का?"

"लावला म्हंजे? हळद-मीठ चोळला ना. बरफ काय मुंबैपर्यंत टिकतो? नासला असता, मग तुमी बोलला असता, शापूरवाल्यांनी मुद्दाम नासका पाठवला." मग जरा थांबून, "का रे? कमी पडला का?"

"नाय काकू. भरपूर झाला."

मी येऊन मॅडमना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी कपाटातून नव्या स्लाइडची पेटी काढली, कँटीनमधून चिमूटभर हळद मागवली आणि नुसत्या हळदीची एक स्लाइड करून बघितली. लख्ख हिरवी. हळद त्या निळ्या प्रकाशात स्वतःच चमकते. हे पुस्तकात आहे, पण माझ्या आजवरच्या कामात पेशी आणि हळद कधी एकत्र आल्या नव्हत्या. मिठाने पेशींचं पाणी ओढून घेतलं होतं, म्हणून चिखल. ती हळदीची स्लाइड अजून लॅबमध्ये आहे. नवीन मुलांना काही न सांगता दाखवतात.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? बैलाला तिसरं नसतं."

नानांचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच म्हणाल्या, "डॉक्टरांनी एक ठेवून घेतलं होतं ना? कशात?"

मी पुन्हा शहापूर गाठलं. डॉक्टर दवाखान्याच्या मागच्या पडवीत एका म्हशीचं पोट तपासत होते. "ते? फॉर्मलिनमध्ये आहे, बरणीत. आज टाकणारच होतो." फॉर्मलिन म्हणजे मांस न कुजता घट्ट ठेवणारं पाणी. "शिरा मी बघितल्या. साबूत आहेत. कोणी दाबलेल्या नाहीत."

"मग तुम्ही बाळारामदादांना सांगितलंत?"

"सांगितलं की. म्हणतो, शिरा साबूत असतील तर मुळी चारली असेल. डोंगरातली मुळी. आता मुळी मी कुठे शोधू? त्याला काय केलं नाही ते नको आहे. काय झालं ते पाहिजे."

बाळारामचं चुकत नव्हतं असं मला परत येताना वाटलं. काय झालं ते कोणीच सांगितलं नाही, तर एक संशय गेला की दुसरा येणार.

फॉर्मलिनमधल्या पेशी स्लाइडवर पसरता येत नाहीत. पण मांस मेणात बसवून त्याचे पातळ काप काढता येतात. फॉर्मलिनने खुणा झाकल्या जातात. त्या उघड्या करायला काप गरम पाण्यात, वाफेत ठेवायचे. त्यासाठी आमच्याकडे चक्क स्वयंपाकाचा कुकर आहे. तुलनेसाठी मॅडमनी ओळखीतून एका चांगल्या वळूचे जुने मेणातले तुकडे मिळवले. काप काढायला मला पुष्कळ वेळ लागला. फाटायचे, सुरकुतायचे. मॅडम नुसत्या म्हणायच्या, "परत."

मधल्या काळात रक्ताचं काम चालू होतं. रक्तातल्या पेशी तीन दिवस उबेत वाढवतात, वाटणीच्या ऐन क्षणी औषधाने थांबवतात, मग गुणसूत्रं मोजतात. देशी गाईबैलांत ती साठ. एक्स सोडून सगळी केसांच्या आकड्यासारखी दिसतात, एका टोकाला बांधलेली. एक्स तेवढा मोठा, मधे आवळलेला आणि दोन्हीकडे हात पसरलेला. म्हणून एक्समध्ये काही गडबड असेल तर माझ्यासारख्यालाही दिसते.

लाल दोऱ्याच्या नळीत सगळं नेहमीसारखं होतं.

काळ्या दोऱ्याच्या नळीत एक्स जागेवर नव्हता. त्याच्याऐवजी एक फारच लांब गुणसूत्र आणि एक कुठल्याच जोडीत न बसणारं आखूड. पहिल्या पेशीत मला वाटलं माझी चूक. मग दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. मॅडमनी फोटो काढून, कात्रीने कापून, जोड्या लावून बघितल्या. एक्स मधेच तुटला होता, दुसरं एक गुणसूत्रही तुटलं होतं, आणि दोघांनी तुकडे बदलले होते. असं मुळी चारून होत नाही. हे जन्माआधीचं.

कापही शेवटी जमले. चांगल्या वळूच्या कापात प्रत्येक पेशीत गोल, घट्ट हिरवा ठिपका. चांद्याच्या कापात तो ठिपका फाटलेला होता. कुठे लांबट, कुठे दोन जागी, कुठे शेजारच्या गुणसूत्रावर पसरलेला. ज्याने गप्प बसायचं त्यातलं काही बाहेर राहिलं होतं, आणि ज्याने बोलायचं त्यातलं काही गप्प झालं होतं. नेमकं यातलं कशाने पेशी मरते, त्यावर मॅडमही ठाम बोलत नाहीत. पण त्या पायरीपुढे एकही पेशी गेलेली नव्हती. वृषणातल्या बारीक नळ्यांमधून पुढे रिकामी जागा.

"काप त्याच बैलाचे आहेत हे आपल्याला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "पण काळ्या दोऱ्याचं रक्त त्याचं की लाल दोऱ्याचं, ते नाही. लाल निघालं तर आपल्याकडे काहीच नाही. तसंच सांगायचं तिथे. सांगशील?"

"सांगेन."

म्हशाच्या जत्रेत जनावरांचा बाजार कापणी झालेल्या भातखाचरांत भरतो. पंच एका चिंचेखाली घोंगडीवर बसले होते. मुख्य गंगारामबाबा, दात गेलेले, नजर शाबूत. नाना एका बाजूला, बाळाराम दुसऱ्या बाजूला. बघायला माणसं गोळा झालेली. मी आयुष्यात वर्गासमोरसुद्धा नीट बोललो नव्हतो.

"बोल रे शिकलेल्या," गंगारामबाबा म्हणाले.

मी आधी मॅडमचं वाक्य सांगितलं, की सख्खा पुतण्या म्हणून माझ्या शब्दाला किंमत नाही. मग, एका नळीत खोट सापडली आहे आणि दुसरी साफ आहे, एवढं सांगितलं. "खोट काळ्या दोऱ्यात आहे. लाल चांद्याचा असेल तर मी परत जातो."

नाना जमिनीकडे बघत होते. मला वाटतं बाळाराम खोटं बोलू शकला असता. दोरे त्याने एकट्याने बांधले होते.

"काळा माझ्या चांद्याचा," तो म्हणाला.

मग मला सगळं समजावून सांगावं लागलं. गुणसूत्र, एक्स, वाय. मी अडखळत होतो. गप्प करणं, गुंडाळणं. माणसं एकमेकांकडे बघत होती. कोणीतरी मागून म्हणालं, "ह्याला चा पाजा कुनीतरी."

गंगारामबाबांनी हात वर केला. "थांब. मळणीला बैलाच्या तोंडाला मुसकी बांधतात, तसा काय ह्या? बैल खळ्यावर असतो तवर त्याचा तोंड बंद. मळणी झाली की सोडतात."

"तसंच, बाबा. अगदी तसंच."

"आन ह्या चांद्याचा काय झाला?"

"एक्स तुटून दुसऱ्याला चिकटला. आता त्याचं निम्मं तोंड इकडे आणि निम्मं तिकडे. मुसकी एकच. नीट कुठेच बसत नाही."

"मग मळणी कशी होईल," बाबा म्हणाले आणि आजूबाजूची दोन-चार डोकी हलली. लॅबच्या सेमिनारमध्ये मला हे इतकं सोपं कधी सांगता आलं नाही.

"पण मुसकी बिघडवली कुनी?" बाळारामने विचारलं.

"कोणी नाही. जन्मतःच तशी आहे. बहुतेक आईकडून आली."

नानांनी मान वर केली. इतक्या वेळात पहिल्यांदा ते रागावलेले दिसले. "चांद्याच्या आयशीत, माझ्या तांबूत खोड? तिचे गोऱ्हे सगल्या गावात नांगराला हायत. येक मरतुकडा दाखव."

"नाना, ते सगळे बडवलेत ना?"

"मग? गोऱ्हा मोठा झाला की बडवायचाच असतो."

"न बडवता ठेवलेला तिचा पहिला कोण?"

नानांनी बोटांवर मोजून बघितलं. चांद्याच पहिला होता. बाकीच्यांचं कोणाला कळणार होतं, आणि कसं? गाईला स्वतःला त्याने फारसं अडत नाही. तिच्याकडून ते अर्ध्या वासरांत जातं. आमच्या रिवाजात ते पिढ्यान् पिढ्या लपून राहू शकलं असतं.

पंचांनी आपसात कुजबुज केली. गंगारामबाबा म्हणाले, "खोड लपवायला आधी ती ठावूक लागते. धर्माला ठावूक नव्हती. आमालाच नव्हती. बाळाराम, तू काय बोलतंस?"

"मी शिरा दाबल्या बोल्लो, मुळी चारली बोल्लो. ते मागं घेतो." तो नानांकडे वळला. "पण मला वळू पायजे ना, धर्मा. गाई काय करू?"

नाना म्हणाले, "तांबूचाच धाकटा हाय. मोरा. तो घे."

माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "पुन्यांदा तीच गाय?"

मी म्हटलं, निम्मी शक्यता आहे की तो साफ असेल. रक्त तपासून सांगता येईल.

"आता कुठला दोरा बांधू?" बाळाराम म्हणाला. "का तुझ्या काकूला सांगू हळद लावायला?"

मोऱ्याचं रक्त तपासलं. एक्स जागच्या जागी, दोन्हीकडे हात पसरलेला. मॅडमनीही बघितलं. नानांनी मोऱ्याला स्वतः चालवत तानशापर्यंत नेलं आणि बदल्यात काही घेतलं नाही. बाळारामने परतीच्या वाटेला तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या, एवढंच.

पण गुणसूत्रं चांगली म्हणजे वळू चांगला असं नाही. वळू नापास व्हायला आणखी पन्नास कारणं असतात. मोरा तानशाला गेला त्या दिवसापासून मला चैन पडत नव्हतं. या वेळी गाई उलटल्या असत्या तर पंचांपुढे बोलायला माझ्याकडे काही उरलं नसतं, आणि नाना माझ्या शब्दावर दुसऱ्यांदा उभे राहिले होते. फोन करून विचारायची हिंमत झाली नाही. उंदरांचं काम चालू होतं. माझा पहिला पेपर परत आला, दुरुस्त करून पुन्हा पाठवला.

या सगळ्यातून शिकलो काय, असं लॅबमधले विचारतात. मुख्य धडा साधा आहे. कोणाकडून नमुना मागवताना तो कसा ठेवायचा ते नीट सांगावं. नाहीतर माणसं तो त्यांच्या घरातल्या चांगल्यात चांगल्या रीतीने ठेवतात. आता आमच्या प्रत्येक थर्मासवर मराठीत लिहिलेलं असतं, "काहीही लावू नये." दुसरा धडा मॅडमचा: कोणी केलं हे विचारण्याआधी, मुळात कोणी काही केलं आहे का, हे विचारावं.

पुढच्या पौषात म्हशाची जत्रा होऊन गेल्यावर लॅबच्या ऑफिसात माझ्या नावाने फोन आला. नाना मुरबाडच्या बूथवरून बोलत होते. फोनवर ते नेहमी ओरडतात, दूरचं बोलायचं म्हणून.

"मधू, आयकतंस ना? बाळारामची काळी गाय व्याली. गोऱ्हा झालाय. आनखी तीन गाभण हायत."

मी खुर्चीत बसलो. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानंच. बाजारात, सगल्यांदेखत. बोल्ला, गोऱ्हा मोठा झाला तरी बडवणार नाय. वळू म्हणून ठेवणार."